न हलवता

कागद आला तेव्हा काजूचा हंगाम सरत आला होता.
पणजीहून जीपमधून, प्लास्टिकमध्ये घातलेला.
चहा, एकेक समोसा, हजेरीपटावर सह्या
आणि एक फोटो, ज्यात माझे डोळे मिटलेले.
नंतर तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला,
म्हणजे दार उघडलं तरच दिसणार.

त्यावर बाण होते.
दंश. बाण. काचेची नळी. बाण.
वीस मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरकी.
रक्त गोठलं तर इकडे, नाही गोठलं तर तिकडे.
वाळपईत इतकी सरळ वाट मी दुसरी पाहिली नाही,
इथली वाट कुणाच्या तरी कुळागराला वळसा घालूनच जाते.

डॉक्टर सिनारी म्हणाले,
"सुलक्षा, एकतीस वर्षं मी हिरड्या बघून सांगतोय.
आता नळीला विचारायचं?"
विचारलं, तर नळीनं त्यांचीच बाजू घेतली.
ठाणे, म्हाऊस, मोर्ले,
जो येईल त्याचं रक्त पाण्यासारखं वाहतं,
धामण चावलेल्या पोराचंसुद्धा.
"तुमच्या कागदाप्रमाणे अख्खी सत्तरी विषारी," ते म्हणाले.
त्यांचं चुकलं नव्हतं.
त्याच आठवड्यात बाणांवर
लसीकरणाचं वेळापत्रक चिकटवलं गेलं.

मी तरी काय केलं?
भिंतीवरचं घड्याळ पावणेचारवर थांबलेलं,
रात्री मी एकटी, दोन बाळंतिणी, एक दम्याचा म्हातारा.
त्यातली वीस मिनिटं मी कुणाची काढून घेऊ?

मग एका दुपारी मोरीवर झिलू दिसला,
नळ्या घासत होता,
साबणाच्या पावडरीनं, काथ्यानं,
एकेक उन्हाकडे धरून पारखत.
आमच्यात कामाला चोख तो एकटाच.
साबणाचा अंश राहिला की रक्त गोठत नाही,
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
प्रशिक्षणाला होता तो. समोसे वाटायला.

मी सांगितलं.
तो हातातल्या नळीकडे बघत राहिला.
"म्हणजे बाय, इतके दिवस मीच..."
पुढचं बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला.
त्यात कापूस, कापसात कोऱ्या नळ्या,
झाकणावर त्याचं स्वतःचं मनगटी घड्याळ.

एप्रिलमध्ये गुळेलीची भागी झोरे आली,
बोंडू वेचताना पाल्यात फुरसं.
मुलानं गाडी चालूच ठेवली होती, बांबोळीला न्यायला.
सिनारी घरच्या चपलांवर आले,
हिरड्या पाहिल्या, ओठ पाहिले.
"मला तर ठीक वाटतंय," म्हणत
टेबलावर कोपर टेकवलं.

"सायब, टेबलाक हात लावूं नाका."

झिलू स्टुलावर बसला होता,
नळीसमोर, तळहातावर घड्याळ घेऊन,
पाळण्यातलं मूल नुकतंच झोपलंय तसा.
आजवर त्यानं सायबांना
"हय" याखेरीज काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

सिनारींनी कोपर उचललं.
गेले नाहीत. उभे राहिले.
बाहेर गाडीचं इंजिन बंद झालं.
थोड्या वेळानं विचारलं, "किती झाली?"
"अकरा."
पुन्हा विचारलं. "चवदा."

विसाव्याला मी नळी तिरकी केली.
रक्त कडेपर्यंत धावत आलं.
"दहा कुप्या," सिनारी म्हणाले, आणि बाह्या वर केल्या.

सहा तासांनी दुसरी नळी.
पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजत गेला तेव्हा
ती तिरकी केली आणि काही हललं नाही.
तळाशी गडद, घट्ट, जागच्या जागी.

सिनारींनी माझ्याकडचं पेन मागितलं,
वेळेच्या रकान्यात वेळ लिहिली, सही केली,
तारीख कालचीच घातली.
मी खोडली नाही.

डब्यात आता चार नळ्या आहेत.
मागणीपत्र दोनदा पाठवलं.
बाणांवरचं वेळापत्रक काढलं मी,
पण गोंदाचे डाग राहिलेत,
नेमके "न हलवता" या शब्दांवर.