शिंपल्याचा पांढरा

लुएला म्हणाली, पांढरे करून दे. होते तसे.
डेट्रॉइटच्या नोव्हेंबरात शटर अर्धं ओढून
मी नट सोडवतो, ताटलीत मांडतो ओळीनं.

फडकं फिरवलं की तपकिरी उतरतं.
सिगारेटी. कुठल्यातरी बारच्या, साठ सालच्या शनिवारांच्या.
वास अजून येतो.
ओढणाऱ्यांतलं कुणी उरलं नसेल,
आणि मी त्यांना साबणाच्या पाण्यात पिळतोय.

तरी पिवळेच. लोण्यासारखे.
हे धुराचं काम नव्हे, उन्हाचं:
बापानं वाजवणं सोडलं, तेव्हापासून
बावीस वर्षं दक्षिणेच्या खिडकीत,
बास ड्रमवर बेगोनियाची कुंडी.

मग एक कडी निघाली, आणि तिच्याखाली
अंगठ्याएवढा पांढरा.
दुधाचा दात जणू.
कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा,
एकही टोला न ऐकलेला.

लुएलाला बोलावलं. चष्मा वर करून
ती बघत राहिली बराच वेळ.
"हा कोण? मी ओळखत नाही याला," म्हणाली.
"माझ्या आठवणीत ते पिवळेच."

मी कडी परत बसवली. नट आवळला,
हातानं आवळतात तेवढाच.

दारापर्यंत जाऊन ती वळली:
कुंडीचा डाग तेवढा काढ हं.
बेगोनिया आईचा.
त्याला कधीच आवडला नाही.