ठिपका

वाल्पाराइसोत सपाट असं काही नाही.
रस्ता निघतो तो आभाळाला भिडायला
आणि परततो तो बंदरात जीव द्यायला.
तिथं मेकॅनिकच्या शब्दावर माणसं उतार उतरतात.
हे आमच्या मालकाला, बाल्तासारला, चांगलं ठाऊक होतं.

मी सतरा वर्षांचा. कामाला लागून पाच महिने.
पहिल्या महिन्यात झाडू, दुसऱ्यात पाने ओळखायचे,
तिसऱ्यात शिकलो ती खरी विद्या:
जुना फिल्टर काढायचा नाही,
नुसता पुसायचा.
रॉकेलचा बोळा, मग कोरडं फडकं,
मग कडेला ताज्या तेलाचं बोट,
आत्ताच बसवल्यासारखं.
बिलावर: फिल्टर, नवा. मजुरी, दीड तास.
त्या दीड तासात आम्ही चहा प्यायचो,
तो रेडिओवर घोड्यांची शर्यत ऐकायचा.
"गाडी थोडीच बोलते?" म्हणायचा.
"आणि बॉनेट उघडतंय कोण? नवरे मेलेल्या बायका?"

एदुविना कार्कामोचा नवरा मेलेला होता.
मागे राहिली त्याची रेनो, फिकट हिरवी,
वापरून वापरून कडा गेलेल्या साबणाच्या वडीसारखी.
ती हॉटेलात चादरींना इस्त्री करायची.
पैसे मोजायची तेही
घडी उलगडून, सुरकुती काढून, एकेक.

त्या शुक्रवारी बॉनेट उघडलं, फडकं उचललं,
आणि फिल्टरच्या बुडाशी
लाल ठिपका.
मसुराच्या दाण्याएवढा. नेलपॉलिशचा.

लगेच कळलं. त्याला अक्कल लागत नाही,
चोराच्या मनात चांदणं असतंच.

बाल्तासारला सांगितलं असतं तर तो हसला असता.
कदाचित नवा बसवलाही असता, त्या एका गाडीला.
नाही सांगितलं. का, ते आजही नीट सांगता येत नाही.
मला हुशार व्हायचं होतं, एवढंच आठवतं.
थिनरची बाटली खिडकीत होती.
दोन थेंब, एक चिंधी.
ठिपका आधी गुलाबी झाला, मग पसरला, मग नव्हताच.
तेवढीच जागा फार लख्ख दिसायला लागली
म्हणून मग सगळाच घासला.

सोमवारी ती आली. मालक नव्हता.
हातात रुमालाची पुरचुंडी,
चार एम्पनाडा, वाफ अजून आतच.
"पोरा," म्हणाली, "तुझी माफी मागायची आहे.
लोक काहीबाही सांगतात. मी खूण केली होती.
घरी जाऊन टॉर्च मारून पाहिलं, खूण नाही.
म्हणजे तुम्ही खरंच बदललात.
उगाच संशय घेतला मी.
एकटं राहिलं की मन वाईट होत जातं."

मन वाईट होत जातं.
हे ती मला सांगत होती.

मी म्हणालो, "काही हरकत नाही."
तीन शब्द. त्याहून महाग बिल
त्या गॅरेजात कुणी फाडलं नसेल.
एम्पनाडा खाल्ल्या. चारही. कांदा गोड शिजलेला,
शेवटच्या घासाला ऑलिव्हची बी दाताखाली आली.

पुढं सहा वर्षं ती येत राहिली.
शेजारणींनाही घेऊन आली.
"मी तपासून पाहिलंय," त्यांना सांगायची.

आता माझं गॅरेज आहे, दुसऱ्या टेकडीवर.
काढलेला जुना भाग कागदात गुंडाळून
मी गिऱ्हाइकाच्या हातात देतो.
बहुतेक जण तो कोपऱ्यावरच्या कुंडीत टाकून जातात.

संध्याकाळी मुलगी पायाची नखं रंगवत बसते,
चुकलं की कापसानं पुसते, पुन्हा रंगवते.
तो वास आला की मी बाल्कनीत जातो.
"बाबा, वास सहन होत नाही का?"
"डोकं दुखतं," म्हणतो.
खाली उतारावर एखादी गाडी
ब्रेक दाबत, कण्हत चाललेली असते.
ती वळणापार जाईपर्यंत
मी कान देऊन उभा राहतो.