रीडिंग

एकतीस वर्षं वीज खात्यात.
दिवाडी बेट माझ्याकडे होतं.
रायबंदरहून फेरीत सायकल चढवायची,
कानाला पेन्सिल, कुत्र्यांशी ओळख,
आणि दारामागच्या काळ्या डब्यापुढे उभं राहून
चकतीवरची लाल खूण गेली ती परत कधी येते बघायचं.

माणसं आकड्यांनी लक्षात राहिली.
मुलगा कुवेतहून आला की एकशे ऐंशी.
लग्नाचा मांडव, चारशे दहा.
बेर्नाबे वारला त्या महिन्यात त्याच्या घरी चाळीस कमी.
रात्रभर जळणारा दिवा त्याचा होता तर.

एस्पेरांस फुर्ताद हिच्याकडे अकरा.
पुढच्या महिन्यात अकरा.
पावसात बारा.
मग मी वहीत शेरा मारला: संशयास्पद.
एवढ्यात कोण जगतं?
साळकरसाहेबांना घेऊन गेलो, सील तोडलं,
तार न् तार तपासली.
चकती प्रामाणिक होती.
हळू होती, एवढंच.

बाई सोप्यावर तांदूळ निवडत होती,
शिंपल्यांच्या खिडकीपाशी, जिथे ऊन
ताकासारखं पातळ होऊन आत येतं.
छपरात एक काचेचं कौल.
त्याच्या उजेडाचा चौकोन दिवसभर घरात सरकायचा
आणि ही त्याच्यामागून खुर्ची सरकवायची.
सकाळी शिवण, दुपारी खारे मासे निवडणं,
चारला मुलीची पत्रं, पुन्हा पुन्हा तीच.
मोरीचं पाणी पाटाने केळींना.
फाटकाला पोदेरासाठी पिशवी, जुन्या पँटीच्या पायाची.
पँट नवऱ्याची. नवरा बोटीवर गेला,
पिशवी मात्र रोज सकाळी पावांनी भरायची.

आम्ही काय शोधतोय ते तिला कळलं असावं.
"बस रे पुता," म्हणाली,
आणि मडक्यातलं सोलांचं पाणी
करवंटीच्या डवल्याने आधी साहेबांना, मग मला.
नवीन सील लावताना माझा हात
शिसं दाबण्यापुरताही सरळ राहिना.

आता मी रायबंदरला, स्लॅबच्या घरात.
स्लॅबला काचेचं कौल बसत नाही.
मीटर डिजिटल; चकती नाही,
एक लाल ठिपका नुसता डोळा मिचकावतो.
रोज रात्री कॅलेंडरच्या मागे आकडा लिहितो.
एप्रिल, दोनशे बारा.
टीव्हीचं बटण भिंतीपाशी बंद करू लागलो,
फ्रिजसमोर विचार करत उभं राहणं सोडलं,
गीझरवर घड्याळ ठेवलं, भात शिजता शिजता गॅस बंद
आणि पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं.
मे, एकशे चौऱ्याहत्तर.
मी कुंदाला हाक मारून दाखवलं.
तिने तांदळाचं धुवण बादलीत ओतलं,
बादली उचलून परसात निघाली.
"आणि कडीपत्त्याचं रीडिंग?
ते घेतलंस कधी चोवीस वर्षांत?"

नव्हतं घेतलं.
मासळीच्या पाण्यावर माड वाढला,
सोडणं बंबात गेली, राख भांड्यांना,
माझ्या खात्याच्या खाकी शर्टांची पायपुसणी झाली,
आणि हे सगळं माझ्या दारामागेच चाललं होतं,
मी बाहेर दुसऱ्यांची दारं उघडत असताना.

एस्पेरांसच्या घराला आता कुलूप आहे.
नवीन पोरगा सांगतो, शून्य येतं.
वहीतला तो शेरा खोडायचा राहिला.
वह्याही आता कुठे असतील.
एक महिना आमचे शहाण्णव झाले, मग पाहुणे आले,
पंखे, इस्त्री, मिक्सर,
आणि परत एकशे एकोणचाळीस.

काल त्या आकड्यापुढे मी लिहिलं:
संशयास्पद.
एवढं कशाला लागतं?

कुंदाने वाचलं. काही बोलली नाही.
पेन्सिल माझ्या कानावरून काढून घेतली
आणि त्याच पानाच्या उरलेल्या जागेत
मासळीवालीचा हिशेब मांडला.