मापासाठी अंगठा

प्रणोती निनावेने फोन माझ्या नाकासमोर धरला.
"मॅडम, आपल्या पेपरला दोनशे बारा!"
एक रंगीत कडं, मधोमध आकडा,
लग्नाच्या अल्बमात गोलात बसवलेल्या नवरदेवासारखा.
लाल म्हणजे बातमी, निळा म्हणजे गप्पा,
पिवळा कशाचा ते तिलाही सांगता येईना.

पेपर संत्र्यावरच्या डिंक्याचा.
बुंध्याला भेग पडते
आणि झाड आतलं सगळं थेंबाथेंबाने बाहेर काढतं.
काटोल, नरखेड, अकरा वर्षं,
चार हजार सहाशे झाडं.
किती गेली, ते तक्ता तीनमध्ये आहे.
तक्ता तीन कोणी उघडला,
हे ते कडं सांगत नाही.

मागच्या महिन्यापर्यंत आकडा होता तीन.
ब्राझीलमधला कोणी एक,
एक माझा भाचा, ज्याला मीच पाठवला होता,
आणि एक यंत्र,
जे बुरशीचं नाव दिसलं की काहीही पुढे ढकलतं.
या तिघांशी माझं बरं चाललं होतं.
यंत्राशी सगळ्यात बरं. ते वेळेवर यायचं.

मग आकृती दोन.
त्या दिवशी पट्टी अमरावती रोडवरच्या टेबलातच राहिली,
कॅमेऱ्यात बॅटरीची शेवटची काडी,
मी म्हटलं, शालिकराम, अंगठा लावा.
शालिकराम उईके, प्रयोगशाळा परिचर,
यांनी डिंकाच्या थेंबाशेजारी अंगठा लावला
आणि मी खाली प्रामाणिकपणे लिहिलं:
मापासाठी अंगठा, रुंदी बावीस मिलिमीटर.
परीक्षकाने हरकत घेतली.
मी अंगठा पुन्हा मोजून कळवला,
या वेळी व्हर्नियरने.

तो अंगठा आता लिस्बनमध्ये हसवतो आहे.
क्योटोत कुणी त्याचा टी-शर्ट काढायचं म्हणतंय.
दोनशे बारांतले डिंकाबद्दल विचारणारे
मी मोजले, रात्री भांडी आवरल्यावर, दोनदा.
सात.
ब्राझीलवाला त्यात होताच.

रविवारी गोधनीला गेले.
शालिकरामना रिटायर होऊन सहा वर्षं झाली.
फोन त्यांनी हाताच्या अंतरावर धरून पाहिला,
मग जवळ, मग पुन्हा लांब.
"थे नख कापाले पाह्यजे होतं, बाप्पा."
चहा आला. बशीत ओतून झाला.
मग आवाज खाली आणून म्हणाले,
"मॅडम, सारी दुनिया अंगठा पाहून राहिली,
माह्या अंगठ्यावर पेन्शन तं नाही न उचलणार कोणी?"
मी ठामपणे नाही म्हटलं,
आणि मानकापूरपर्यंत विचार करत आले
की हे मला कुठल्या आधारावर माहीत आहे.

निघताना फाटकाशी त्यांनी विचारलं होतं,
"रिधोऱ्याचं झाड न थे? विहिरीजवळचं?"
हो, म्हटलं.
"थे तं त्याच उन्हाळ्यात गेलं."
तक्ता तीन, ओळ चौदा.
त्यांनी पेपर वाचलेला नाही.

सोमवारी आकडा दोनशे अकरा.
प्रणोती हळहळली,
कोणीतरी काढून घेतलं म्हणाली,
होतं असं कधीकधी.
मी भाच्याला फोन केला नाही.