वादी

साहेब म्हणाले, शंभर वर्षांतला सर्वांत मोठा पूर शोधा,
मग ठरवू रस्त्याखाली नळे किती घालायचे ते.
मी विचारलं, नदी कुठंय?
सालिमने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं
आणि बोट खाली दाखवलं.
आम्ही नदीतच उभे होतो.

गोटे. सिद्राची झुडपं. एका पायाची चप्पल.
बकऱ्यांच्या लेंड्या उन्हात वाळून मिऱ्यांसारख्या.
ओमानात हिला वादी म्हणतात.
माझ्या भाषेत वादी म्हणजे
ज्याची काहीतरी फिर्याद आहे, तो.

हैल गावच्या पर्जन्यमापकाचं रजिस्टर मिळालं,
मधोमध सात महिन्यांचं भगदाड.
मापकच वाहून गेला होता.
कारकुनाने रकाने रिकामे सोडले नाहीत,
प्रत्येकात सुवाच्य अक्षरात: निरंक.
म्हणजे सर्वांत जास्त कोसळला
त्या दिवशी सरकारी पाऊस शून्य.

मग कागद सोडले, माणसं धरली.
हमूद बिन सैफ, फलजच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा,
त्याला सन विचारून उपयोग नाही.
खलासची तीन झाडं गेली, तो पूर.
मावशीचं लग्न मोडलं, तो.
आधी आवाज आला, मग वास, मग पाणी, तो.
पेला हलवून नको म्हणायचं असतं हे मी विसरले
आणि कॉफी येतच राहिली.
शेवटी उठला, मशिदीच्या मागच्या भिंतीवर
तळवा टेकवला: इथवर.
माझ्या डोक्याच्या वर वीतभर.
मी टेप लावला. एक मीटर चौऱ्याऐंशी.
हात दाखवल्यावर टेप कशाला,
असं काहीतरी तो सालिमला म्हणाला.

पण कुठल्या साली?

साल सापडलं किराणा दुकानात.
मोइदीनकुट्टीच्या बापाची उधारीची वही, मल्याळममध्ये;
तो बोट सरकवत मोठ्याने वाचत गेला:
साखर, ब्लेड, सिगारेट, एअरमेलची पाकिटं,
पुन्हा सिगारेट.
इब्राहिम सरगुरोह, वेल्डर. चार रियाल तीनशे बैसा.
नऊ फेब्रुवारी त्र्याऐंशी.
पुढच्या पानावर बाकी सगळी नावं आहेत.
हे नाही.

सरगुरोह.
मी म्हटलं, पुन्हा वाच.
आमच्या दाभोळच्या शाळेत दोन होते,
एक माझ्याच बाकावर,
त्याच्या खोडरबराला अत्तराचा वास यायचा.
मोइदीनकुट्टी म्हणाला, हो, तुमच्याच बोलीतला,
बाप सांगायचा, झोपेतसुद्धा तेच बोलायचा.

बलदियाच्या फायलीत तो असा आहे:
टँकर एक. बकऱ्या चाळीस. हिंदी, एक.

हमूदकडे परत गेले. या वेळी टेप गाडीत ठेवला.
वेल्डर? तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.
पात्रात पाण्याचा पंप होता, आदल्या दिवशीच सांधलेला.
तो वर आणायला उतरला.
आम्ही ओरडत होतो.
पंप त्याचा नव्हता.

दुकानात जाऊन चार रियाल तीनशे बैसा मोजून ठेवले.
मोइदीनकुट्टीने पैसे माझ्याकडे सरकवले.
फिटलं की रेघ मारावी लागते, म्हणाला,
मग पुढच्या माणसाला तुमचा पूर सापडायचा कुठे?
आणि मला थंड लबान दिलं, तेही फुकट.

अहवालात तक्ता केला: पातळी, वर्ष, आधार.
आधार या रकान्यात लिहिलं,
किराणा उधारी, पान एकसष्ट; आणि एक तळवा.
साहेबांनी पेन्सिलने खाली प्रश्नचिन्ह काढलंय.
त्यांच्या मते पाच नळे पुरेत.
मी सात लिहिलेत, खोडलेले नाहीत.

बाहेर वादी कोरडी ठाक.
पुढची तारीख अजून पडलेली नाही.