अठ्ठ्याण्णव टक्के

पूस महिना, तलावावरून बोचरं वारं,
आणि संस्थेच्या खिडकीतला डबा मात्र तापलेला.
तळहाताएवढा कम्प्युटर, बिस्किटांच्या डब्यात बसवलेला,
त्याला जोडलेला जुना टीव्ही, टीव्हीवर तीन ओळी:
पाण्याची पातळी. आजचा रोहू. आजची मरळ.
मरळीचा नवा भाव मी सकाळी सातला फोनवरून टाकला.
टीव्हीवर उमटला साडेनवाला.
तोवर साकोलीचा व्यापारी कालच्याच भावात
दोन टोपल्या घेऊन गेला.

बैठकीत मला कुणी काही बोललं नाही.
धिवरांच्या बैठकीत कुणी बोललं नाही, की समजायचं.

आधी दोष दिला चार्जरला. नवा आणला, साडेतीनशेचा.
मग डब्याला. खिळ्यानं भोकं पाडली.
मग मेमरी कार्डाला, मग विजेला,
मग कंपनीला, जी कुठल्या देशात आहे मला माहीत नाही.
डब्यामागे एक पाल राहायला आली होती.
सबंध पाळीवर तेवढीच एक जागा उबदार.
सुकराम वलथरे म्हणाले, "हे पाल येडी नाई व.
थे ताप पायते, आपन भाव पायतो."

रात्री लॅपटॉप जोडून आत डोकावले.
यादीत सगळ्यात वर माझंच लेकरू,
मी लिहिलेली फाइल, तिच्यापुढे अठ्ठ्याण्णव टक्के.
खाली बाकीचे सगळे: शून्य, शून्य, एक, शून्य,
आपली पाळी कधी येते बघत बसलेले.

तीस-एक ओळी. दिवाळीच्या सुट्टीत एका बैठकीत लिहिल्या,
चालल्या, म्हणून पुन्हा उघडल्या नाहीत.
आता वाचताना कानशिलं गरम.
काय करत होता बिचारा?
पाणी किती, विचारत होता.
उत्तर येताच, पाणी किती?
मधे श्वाससुद्धा नाही.
आणि दर खेपेला अख्खा पडदा पुसून
अक्षरांची पेटी कार्डावरून नव्यानं उघडायचा,
प आणायचा, काना आणायचा, णी आणायचा,
'पाणी' लिहायचा,
पेटी बंद करायचा,
पुन्हा उघडायचा.
तेच पाणी. तेवढंच पाणी.
तुडूम बंद, सलंगीवरचं गवत वाळलेलं,
तलाव दिवसाला बोटभरही हलत नव्हता.

सुकरामकाका ओट्यावर जाळं सांधत होते,
मोबाइलचा उजेड दातात धरून.
विचारलं, तुम्ही पाणी कधी पाहता?
मोबाइल काढून हातात घेतला. "सकाळी. मंग जाळं उचलतानी."
आणि मधे?
"मधात का पायचं? थे का पळून रायलं?"

पेटी उघडायची ओळ उचलून सगळ्यात वर नेली. एकदाच उघड.
आकडे तेच असतील तर पडद्याला हात लावू नकोस.
आणि शेवटी: साठ सेकंद झोप.
भीत भीत साठाचे तीस केले. मग पुन्हा साठ.
इतक्या सोप्या शब्दात यंत्राला झोपवता येतं,
हे आयटीआयमध्ये शिकवलंही असेल.
त्या दिवशी माझी बस चुकली असेल.

चालू केलं. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव.
मग चौदा.
मग तीन. मधूनच दोन.
डब्यावर हात ठेवला, अजून कोमट,
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळासारखा.

सकाळी सातला मरळ बदलली,
सात वाजून एक मिनिटानं टीव्हीवर आली.
कुणी मला काही बोललं नाही. हेही समजायचं.
फक्त यमुताई दुधपचारेंनी जाता जाता
पळसाच्या पानात चार शिंगूर खिडकीत ठेवले,
एक अजून वळवळत होता.

पाल दोन रात्री डब्यामागेच थांबली,
पोट टेकवून, बोटं पसरून, काहीतरी परत येईल म्हणून.
तिसऱ्या रात्री ट्यूबलाइटच्या चोकवर दिसली.
माझा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे गेला.
राहू दे, म्हटलं.
चोक तापतोच.
आणि तो काही मी लिहिलेला नाही.