आठळ्या

सप्टेंबरात टिसाकाठच्या आमच्या गावाला
आंबलेल्या आलुबुखारांचा वास येतो.
शाळेच्या फळ्याला, चर्चच्या पायऱ्यांना,
वाळत घातलेल्या चादरींनासुद्धा.
पळणार कुठं?
आम्ब्रूश पळाला नाही.
भट्टी तेवढी पुतण्याला देऊन टाकली, तांब्याच्या नळीसकट,
आणि आता अंगणात बसून जॅमसाठी फळं चिरतो.
आठळ्या बादलीत. टक्. टक्.

"असेच खडे झालेत आत,"
देब्रेत्सेनच्या डॉक्टरीणबाई फोटोवर पेन टेकवून म्हणाल्या होत्या,
"ते काही विरघळायचे नाहीत.
पण सोडलीत, तर आग पुढच्या खोलीत
निदान धावत जाणार नाही."
स्वादुपिंड म्हणे.
इतक्या चिडक्या अवयवाला इतकं गोड नाव.

चौदा महिने झाले.
बारशाला, दफनाला, डुक्कर कापायच्या पहाटे
सगळ्यांच्या हातात चिमुकले पेले,
याच्या हातात चहाचा मग, मोठा, लपवता न येणारा.

अकराव्या महिन्यात कळ पुन्हा उठली.
एक थेंब नाही, आणि तरी.
पोटातून पाठीकडे, जुनी वाट तिला पाठ होती.
न्हाणीच्या फरशीवर गुडघे छातीशी ओढून
तो म्हणाला, "मग सोडली कशाला, एतेल्का?"
मला उत्तर सुचलं नाही.
मी टॉवेल गरम करत राहिले.
चौथ्या दिवशी ती गेली.
पूर्वी पंधरा-पंधरा दिवस मुक्काम ठोकायची.
हा हिशेब मी पिठाच्या डब्यामागच्या कॅलेंडरवर ठेवते,
त्याला दाखवत नाही.

पहिल्या घासाला कॅप्सूल, अर्ध्या जेवणात आणखी एक;
इन्शुलिनची सुई आहेच, ती आता जन्माची सोबतीण.
गेलं ते गेलं.
पण वाळत चालला होता तेव्हा
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली जादा भोकं
एकेक करून बिनकामाची होताहेत.
रविवारी त्यानं तळलेल्या भाकरीचा तुकडा मागितला.
खाल्ला. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो,
जणू कुणी पाहुणा यायचा होता.
आला नाही.

कितीतरी वर्षं तो पलंगाच्या कडेला
वाकलेल्या विळ्यासारखा निजायचा;
उरलेला सगळा पलंग माझा.
हल्ली उताणा झोपतो, हातपाय पसरून, घोरतो,
आणि मी भिंतीला चिकटलेली, पांघरूण अर्धंच,
जागी,
कुरकुर न करता.